पाठीवरचा खो

शारजाच्या विमानतळावर विलासने वाकून नमस्कार केला आणि उठता उठताच विचारलं, "अक्का, खसखस नाही ना आणलीस?"

"अरे, बहीण इतक्या वर्षांनी आली, प्रवास कसा झाला ते तरी विचार!"

"प्रवास विमान करतं. खसखशीला इथे जेल आहे."

खसखस नव्हती. पण आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा होता, पिशवी भरून. कस्टमच्या अधिकाऱ्याने चार दाणे उजेडात धरून पाहिले, त्यांच्यावरचे तांबडे पट्टे निरखले आणि "यल्ला, यल्ला" म्हणत मला पुढे ढकललं. त्या घेवड्याला पुढे कोणकोणती तोंडं लागणार आहेत हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

परत आल्यापासून जो तो विचारतो, सोनं किती आणलंत, ते समुद्रातलं शिडाच्या आकाराचं हॉटेल पाहिलंत का? पाहिलं बाबांनो, लांबून पाहिलं. दुबई मी अर्ध्या दिवसात उरकली. पण दोन हजार दोनच्या त्या जानेवारीत मी जे बघून आले ते दुबईत नव्हतंच. ते डोंगरापलीकडे होतं, खोर फक्कानला, आणि ते बघायला तिकीट लागत नव्हतं.

अल नहदा

विलास राहतो अल नहदाला. इमारती अशा की वर बघताना डोक्यावरचा पदर पडावा. रस्त्याच्या अलीकडे शारजा, पलीकडे दुबई, आणि मधल्या रस्त्यावर सकाळी सगळा भारत गाडीत बसून हॉर्न वाजवत असतो. विलास उजाडायच्या आत जबल अलीला निघतो, त्याच्या कंपनीची तिथे गोदामं आहेत. भावजय एका शाळेत शिकवते. भाची सायली चौदा वर्षांची. तिला मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा पहिल्याच दिवशी करार झाला.

"काय खाणार गं?"

"एनीथिंग, आत्या."

"एनीथिंग आमच्याकडे करत नाहीत. पिठलं करतात."

हसली. पोरगी गोड आहे, उगाच कशाला नावं ठेवू?

मी जन्मभर शाळेत पीटी शिकवली आणि खो-खोच्या मुली घडवल्या. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी अजून पर्समध्ये असते. हे विलासला माहीत, म्हणून तर त्याने घोळ घातला. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटात बघत म्हणाला, "अक्का, मी मंडळात तुझं नाव दिलंय."

"कशाला? भोंडल्याला?"

त्याच्या आणि आणखी काही कंपन्यांनी मिळून खोर फक्कानला मुलांचं क्रीडाशिबिर ठेवलं होतं. रवांडाहून मुलींचा फुटबॉलचा संघ आला होता. इथल्या प्रत्येक समाजाने त्यांना आपला एक खेळ शिकवायचा. मल्याळी मंडळींनी व्हॉलीबॉल घेतला, आमच्या मराठी मंडळाने खो-खो. शेवटच्या दिवशी शारजाच्या भारतीय शाळेतल्या मुलींशी सामना, त्यात आमची सायलीसुद्धा.

"आणि मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. मग वेळ कशाला घालवायचा?" हा माझा धाकटा भाऊ. लहानपणी याला दोन फटके जास्त द्यायला हवे होते.

रवांडाबद्दल मला वर्तमानपत्रात आलं होतं तेवढंच माहीत. आठ वर्षांपूर्वी तिथे तीन-साडेतीन महिन्यांत लाखो माणसं मारली गेली, कापली गेली. बाहेरून कुणी सैन्य आलं नव्हतं. एकाच डोंगरावर राहणाऱ्या, एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं. नाव, गाव, भाषा, देव सगळं एकच. फक्त हे हुतू आणि ते तुत्सी. भावजयीने पोळी वाढता वाढता विचारलं, "मग आता त्या मुली एकत्र खेळतात कशा?" विलास म्हणाला, "तेच तर बघायला बोलावलंय."

मसाफीच्या वाटेने

गुरुवारी सकाळी निघालो. वाळवंट म्हणजे पिवळं असतं अशी माझी समजूत. धैदकडे जाताना ते चक्क तांबडं निघालं, आमच्या माणदेशातल्या मातीसारखं. मसाफीला रस्त्याच्या कडेला बाजार: गालिचे, कलिंगडं, मातीची भांडी. मी एका गालिच्याचा भाव विचारला. विलासने दिरहॅमचे रुपये करून मोठ्याने सांगितले आणि मी गालिचा जागच्या जागी ठेवला. करक चहा मात्र दोनदा प्यायले. दाट, गोड, वेलचीचा. आमच्या एसटी स्टँडवरच्या चहावाल्याने इथे येऊन शिकून जावं, खरंच सांगते.

पुढे डोंगर लागले. नुसता दगड, झाड औषधाला नाही. आमच्याकडचे उन्हाळी डोंगरसुद्धा यांच्यापुढे लेकुरवाळे म्हणायचे. आणि मग वळणावरून एकदम निळा समुद्र, खाली बंदर, मोठाल्या क्रेन आणि रंगीत ठोकळ्यांसारखे रचलेले कंटेनर. मी "अगं बाई!" म्हटलं, आणि सायलीने डोळे फिरवले.

शिबिर समुद्रालगतच्या एका शाळेत होतं. रवांडाच्या मुली कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होत्या. त्यांच्या देशाला समुद्रच नाही. त्यांची कोच ओडेट पुढे आली. चाळिशीची, उंच, केस बारीक कापलेले, हातात हात घेतला तर सोडायची घाई नाही. इंग्रजी चांगलं बोलत होती. म्हणाली, "माझ्या मुली विचारतात, या डोंगरांवरची शेतं कुठे गेली? आमच्याकडे डोंगराच्या माथ्यापर्यंत घेवडा आणि केळी असतात."

"घेवडा?" मी ओरडलेच. "घेवडा मी आणलाय!"

आमची दोस्ती तिथेच झाली. मग मी आपल्या सवयीने विचारलं, "ओडेट, तुम्ही त्यांतल्या कुठल्या, हुतू की तुत्सी?"

ती हसली, पण हात सुटला. "माझं गाव विचारा, सांगते. ते दुसरं आम्ही आता विचारत नाही."

माझे कान तापले. आपल्याकडे आडनाव कळल्याशिवाय कुणाच्या घशाखाली घोट उतरत नाही; गावातला पाणवठासुद्धा त्यावरूनच ठरायचा. आपल्यात काय कमी आहे का हो? त्या बाईने एका वाक्यात मला माझं गाव दाखवलं.

मैदान आखायला जबल अलीच्या कामगार कॅम्पमधून चार कोकणी पोरं कंपनीच्या बसने आली होती. त्यांचा म्होरक्या सुभाष, लांज्याचा. फोरमनला विचारून परांचीचे दोन पाइप आणले होते, खांब म्हणून. वाळू भुसभुशीत, खांब उभे राहीनात, तर पठ्ठ्यांनी डबे पुरून त्यांत सिमेंट ओतलं. "बाई, आता हा खांब कयामतपर्यंत हलायचा नाय," सुभाष म्हणाला. मुलुख सोडून इतक्या लांब उन्हात राबणारी पोरं, पण खो-खो म्हटल्यावर त्यांच्या अंगात आलं होतं.

आता खो-खो माहीत नसलेला मराठी माणूस मला भेटायचाय, पण नियम सांगते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे. दोन खांबांमध्ये ओळीने आठ जणी उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणारीच्या मागे धावते. तिला मध्येच वळता येत नाही. म्हणून ती बसलेल्या एखादीच्या पाठीमागून येते, पाठीवर थाप मारून "खो!" म्हणते, ती उठते आणि पाठलाग पुढे चालू. खो मागूनच द्यायचा, समोरून नाही. बसलेलीने मागे वळून बघायचं नाही. हे मी हजार मुलींना शिकवलंय, कधी दोनदा विचार करावा लागला नाही.

मुली चपळ. खो हा शब्द त्यांना इतका आवडला की येता-जाता एकमेकींना खो देत सुटल्या. सगळ्यांत उंच होती व्हेस्टिन, त्यांची गोलकीपर, सोळाची. बोलायची कमी. तिला मी ओळीच्या मधोमध बसवलं. आणि पाठलागाला निवडली क्लोदिन, कारण ती हरणासारखी पळायची आणि सारखी हसायची. शिट्टी दिली. क्लोदिन सुटली, ओळीपाशी आली आणि व्हेस्टिनच्या पाठीत हात मारून किंचाळली, "खो!"

व्हेस्टिन किंचाळली तशी मी माणसाला किंचाळताना ऐकलं नव्हतं. गर्रकन वळली, कोपर क्लोदिनच्या तोंडावर बसलं, ओठातून रक्त आलं. आणि व्हेस्टिन पळत जाऊन शाळेच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही तळवे भिंतीवर. एक मुलगी काहीतरी बोलली. दुसरीने तिला उत्तर दिलं. शब्द मला कळले नाहीत, पण ओडेटचा चेहरा उतरला. क्षणात मुली दोन घोळक्यांत उभ्या होत्या.

संध्याकाळी, समुद्रावर

"ती गोलकीपर का आहे, माहीत आहे?" ओडेटने मला वाळूत बसवून विचारलं. "तिच्या मागे फक्त जाळी असते, माणूस नसतो."

व्हेस्टिन तेव्हा आठ वर्षांची होती. घरातले सगळे ज्वारीच्या शेतात लपले होते. मागून पावलं आली. त्या घरातली ती एकटी उरली. आणि क्लोदिनचा बाप त्याच डोंगरावरचा, तेव्हापासून तुरुंगात, खटला अजून उभा राहिलेला नाही. त्याने व्हेस्टिनच्याच घरचं कुणाला मारलं की आणखी कुणाला, की कुणालाच नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

"अहो, मग या दोघींना एका संघात घेतलंच कशाला?" माझा आवाज चढला.

"दोघी एकाच डोंगरावर राहतात. संघात नाही घेतलं तरी राहणारच आहेत." ओडेट शांतपणे म्हणाली. दोन्हीकडच्या आया, आज्या तिने घरोघर फिरून तयार केल्या होत्या. काहींनी मुली पाठवल्या त्या एकाच अटीवर: एकदा जरी हातापायी झाली, तरी मुली घरी. "या दोन तुकड्यांत घरी परतल्या तर मैदान संपलं. गुरांना चरायला होईल. मग त्यांना एकत्र बसवणारी दुसरी जागा आमच्याकडे नाही."

मी म्हटलं, "खलास. उद्यापासून खो-खो बंद. लगोरी घेऊ."

"नको. तिच्यामुळे खेळ बंद झाला असं सगळ्या म्हणतील, आणि ती ते ऐकेल. खेळ चालू ठेवा. तिला यायचं तर ती येईल."

मला राग आला, स्वतःचा, विलासचा, सगळ्या जगाचा. आणि त्या बाईपुढे मनातल्या मनात हातही जोडले. मी तिच्या जागी असते तर केव्हाच संघ मोडून मोकळी झाले असते.

रात्रीच्या जेवणाला भावजयीने पाठवलेली घेवड्याची उसळ होती. मुलींनी पहिला घास घेतला आणि त्यांचे चेहरे एकदम घरी गेले. पातेलं चाटून-पुसून साफ. पण दोन टेबलं. उसळ दोन्हीकडे संपली, टेबलं मात्र दोनच राहिली. व्हेस्टिन तिसरीकडेच, कोपऱ्यात, भिंतीला टेकून.

शुक्रवार

सकाळी मुली आल्या, रेंगाळत, दोन बाजूंनी. व्हेस्टिनही आली, पण भिंतीशी उभी राहिली. क्लोदिनचा ओठ टंब सुजलेला. अशा वेळी मास्तरणीने भाषण करायचं नसतं, कामाला लावायचं असतं. मी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. आमच्या शाळेत नव्या मुलींना मी हाच सराव द्यायचे: एक जण मागून चालत येईल, पावलांवरून ओळखायचं कोण ते. चांगली खेळाडू कानांनी बघते.

पहिली मागून चालली. बसलेल्यांनी अंदाज ठोकले, सगळे चुकीचे. हशा पिकला, थोडासा. दुसरी चालली. पुन्हा चूक. आणि तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "बेआता."

व्हेस्टिन. तिचे डोळे मिटलेले होते.

पुढची चालली. "जोझियान." बरोबर. मी मुलींना वाळूत, फरशीवर, चवड्यांवर, कशाही चालवल्या. एकसुद्धा चुकली नाही. आठ वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? शेवटी क्लोदिन चालली, अगदी हळू. व्हेस्टिनने नाव घ्यायला वेळ लावला. मग म्हणाली, "क्लोदिन," आणि डोळे उघडले.

मी ओडेटला म्हटलं, "तिला सांगा, हिच्यासारखे कान माझ्या एकाही मुलीला नव्हते. मी खोटी स्तुती करत नाही, हवं तर आमच्या गावात येऊन विचारा." ओडेटने सांगितलं. व्हेस्टिनने भिंत सोडली. मग आली आणि ओळीच्या टोकाला, खांबाजवळ बसली. पाठ क्लोदिनकडे. मानेची शीर न शीर ताठ.

क्लोदिन धावत आली आणि तिच्या मागे चार हात अलीकडेच थांबली. हळूच म्हणाली, "व्हेस्टिन." आणि वाट बघत उभी राहिली. व्हेस्टिनने मान हलवली. मग क्लोदिन पुढे झाली, दोन बोटं तिच्या खांद्याला टेकवली आणि म्हणाली, "खो."

तोवर पळणारी पार पलीकडच्या खांबाला पोचून वेणी घालत बसेल, इतका वेळ गेला होता. माझ्या आतली कोच तडफडली. "अगं, असं थांबत्यात का? पळाली की ती!" सुभाष बाजूला पाणी शिंपडत होता. तो म्हणाला, "बाई, ऱ्हाऊ दे. आज ऱ्हाऊ दे." ओडेटने नुसता माझा दंड धरला. दिवसभर तसंच चाललं. इतरांना थाप, व्हेस्टिनला आधी नाव, मग मान, मग खो. पण दुपारी जेवायला बघते तर मुलींनी दोन टेबलं ओढून एकमेकांजवळ आणली होती. पूर्ण चिकटवली नव्हती, मध्ये फट होती.

संध्याकाळच्या नमाजानंतर सामना. खोर फक्कानची माणसं पोराबाळांसह आली होती, पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले अरब आजोबा खुर्च्या मांडून, कामगार पोरं भिंतीवर, मल्याळी चहावाला थर्मास घेऊन. जगात कुठेही खो-खोला इतक्या भाषांत आरडाओरडा झाला नसेल. मी पंच. ओडेट माझ्या शेजारी.

शारजाच्या शाळेच्या मुली तयारीच्या, आणि सायली तर कपटीच निघाली. तिने पहिल्या डावातच हेरलं, की क्लोदिन मागे लागली की व्हेस्टिनच्या बाजूला पळायचं. क्लोदिन तिथे थांबते, नाव घेते, वाट बघते, आणि तेवढ्यात सायली पसार. एकदा झालं. दोनदा झालं. भिंतीवरचे कामगार "अरे, दे ना खो!" म्हणून बोंबलायला लागले. तिसऱ्यांदा सायली जाता जाता हसली. माझीच भाची, पण थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि काय करणार? तिने नियम मोडला नव्हता. खेळत होती.

रवांडाच्या मुली मागे पडल्या होत्या. एक जण क्लोदिनवर खेकसली. मला वाटलं झालं, आता पुन्हा दोन घोळके. ओडेटचे ओठ हलत होते, प्रार्थना करत होती की काय कोण जाणे.

सायली पुन्हा त्याच बाजूला वळली. क्लोदिन मागे. ती पोचायच्या आधीच, पाठ तिच्याकडे ठेवून, समोर समुद्राकडे बघत व्हेस्टिन जोरात ओरडली. रागाने ओरडली, आपला खेळाडू घोळ घालायला लागला की ओरडतो तशी.

"काय म्हणते? काय म्हणते ती?" मी ओडेटला हलवलं.

ओडेट म्हणाली, "म्हणते, नाव घेत बसू नकोस. ती निसटते ना!"

क्लोदिन थांबली नाही. धावत आली तशी आली आणि व्हेस्टिनच्या पाठीत असा सणसणीत खो घातला की आवाज माझ्यापर्यंत आला. व्हेस्टिन उसळली. चार ढांगांत तिने सायलीला गाठलं आणि खांबापाशी तिच्या खांद्यावर हात मारला.

"बाई, शिट्टी!" सुभाष भिंतीवरून ओरडला. "बाद झाली, शिट्टी द्या!"

शिट्टी माझ्या दातांतच होती. फुंकर काही केल्या येईना.